दुपारच्या बाई

“फूल?” वहिनीने सुरी हातातच ठेवून विचारलं. “म्हणजे ठमीला सांभाळायला तुम्हाला जमणार नाही, कारण तुम्हाला फूल बघायला जायचंय.”

“हो,” आत्या म्हणाली.

“मग दुपारी जा की. दुपारी तुम्हाला कोण अडवतंय?”

“दुपारी ते मिटतं.”

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. दादा जेवणाच्या टेबलाच्या कडेला बसून चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत होता. स्क्रू तिळाएवढा होता आणि त्यात डोकं घातलं की इतर कशात घालावं लागत नव्हतं.

“ऐकलंत का? दुपारी मिटतं म्हणे.”

“ऐकतोय,” दादा म्हणाला.

मनी, त्यांची मुलगी, खाली सतरंजीवर लेकीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ठमी आत्याच्या मांडीवर बसून तिच्या ब्लाउजचं बटण उपटायच्या मागे होती. मनी घड्या घालायची थांबली.

“आत्या, मला सोमवारी रुजू व्हायचंय. आणि हे तू मला आज, शनिवारी संध्याकाळी सांगतेयस.”

“तू मला कधी विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? तू सकाळची असतेसच ना.”

त्या घरात आत्याला काही विचारायची पद्धत नव्हती. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आत्या सकाळी घरी असते, हे भिंतीवरच्या दिव्याच्या बटणासारखं झालं होतं, अंधारातही हात बरोबर तिथेच जायचा. ती दादाची धाकटी बहीण, लग्न न झालेली. मनी बोलायला लागली तेव्हापासून सगळ्या घराची आत्या झाली. वहिनी तिला आत्या म्हणायची, दूधवाला आत्या म्हणायचा, रागाच्या भरात दादासुद्धा एकदोनदा “अगं आत्या” म्हणून गेला होता.

कामाच्या ठिकाणी मात्र तिला दुसरं नाव होतं. तिथे तिला दुपारच्या बाई म्हणत.

शहराच्या वनस्पती उद्यानात एक जुनी दुमजली कचेरी होती. वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटांत वाळवलेली झाडं ठेवलेली असत, जाड कागदावर चिकटवलेली, प्रत्येकाच्या खाली नाव आणि गाव. डांबराच्या गोळ्यांचा वास जिन्यापर्यंत यायचा आणि आत्याच्या कपड्यांना लागून घरापर्यंत. तिथे तिचं काम वर्णनं लिहायचं. एकेक झाड घ्यायचं आणि उंची, खोड, पान, फूल, फळ असं क्रमाने कागदावर उतरवायचं. तिला हे काम मिळालं त्याच सुमाराला आई अंथरुणाला खिळली. दादा आणि वहिनी दोघंही सकाळी कामावर जायचे. आईचं अंग पुसणं, कपडे बदलणं, पेज भरवणं हे सगळं सकाळचं.

“तूर्त दुपारची पाळी मागून घे,” दादा म्हणाला होता. “आईचं जरा मार्गी लागू दे.”

साहेबांनी आनंदाने दिली. जागा कमी होती, टेबलं त्याहून कमी. अर्धी पाळी, अर्धा पगार, अर्धं टेबल. घरात तिच्या नोकरीला अर्धी नोकरी म्हणायची सवय तेव्हाच लागली.

आईचं मार्गी लागायला फार वर्षं गेली. आई गेली तोवर मनी झाली होती, आणि वहिनीला टेलिफोनच्या कचेरीत सकाळची पाळी चुकत नव्हती. तूर्त मनीचं बघायला हवं होतं. मनी शाळेत जायला लागली तर तूर्त डबे होते. मग दादाचं ऑपरेशन झालं. तूर्त हा शब्द त्या घरात इतका वापरला गेला की त्याची धार गेली आणि तो कायमच्या कामाला पडला.

आत्याच्या टेबलावर सकाळी एक चित्रकार बसायचा. टेबल एक, खुर्ची एक. तो निघायचा आणि ती पोचायची, भेट व्हायची ती दारात. तो झाडांची चित्रं काढायचा आणि काढायचा त्याहून जास्त खोडायचा. रोज दुपारी टेबलावर रबराचा काळपट चुरा पडलेला असायचा. आत्या एक कागद दुमडून तो चुरा गोळा करायची आणि मगच कामाला बसायची. मनातल्या मनात तिने त्याचं नाव खोडरबर ठेवलं होतं. पुढे ते तिच्या तोंडून एकदा निसटलं आणि सगळ्या कचेरीने उचललं. तो हसला होता. त्याच्या चित्रांच्या उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढी दोन अक्षरं असायची, ती त्याची सही.

त्या दोघांनी मिळून बागेतल्या लहान झाडांचं पुस्तक केलं. त्यात हे फूलही होतं, धाकटी.

आयरिसच्या कुळातली ही. त्या कुळातली मोठी फुलं बागेच्या दर्शनी भागात, फाटकातून आत आलं की समोर. भारी साडी नेसून लग्नात पुढच्या रांगेत बसलेल्या बायकांसारखी. त्यांच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळच्या वाफ्यात, हे वीतभर झाड. फूल नसताना कुणालाही गवतच वाटेल. लॅटिन नाव लांबलचक होतं, मराठी नाव कुणी दिलंच नव्हतं. कचेरीत पुढच्यांना थोरली म्हणायचे आणि हिला धाकटी. आत्याने तिचं वर्णन लिहिलं ते असं:

‘झुपक्याने वाढणारे, वीतभर उंचीचे झाड. पाने अरुंद, टोकदार, गवतासारखी, मिटत्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे एकमेकांत बसवलेली. दांडा चपटा, दोन्ही कडांना धार. फुले लहान, जांभळट निळी, अर्धवट उमलणारी. पूर्ण उमललेली फुले आढळत नाहीत. केसर तीन, बुंध्याशी जोडलेले. बोंड वाटाण्याएवढे, गोल, तीन कप्प्यांचे.’

वर्णनात ‘मी’ लिहायचं नसतं. ‘मला दिसलं’ असं लिहिलं तर साहेब तांबड्या पेन्सिलीने काट मारायचे. झाड कुणी पाहिलं याला महत्त्व नसतं, झाड कसं असतं याला असतं. म्हणून ‘मला दिसलं नाही’ याचं होतं ‘आढळत नाही’. आत्या ही भाषा लवकर शिकली होती आणि तिला ती आवडायची. घरी दिवसभर आपण असतोच. इथे निदान कागदावर तरी नसायची सोय होती.

आणि तिला खरंच ती फुलं कधी पूर्ण उमललेली आढळली नव्हती. जेवणं उरकून, बस बदलून ती बागेत पोचायची तेव्हा ऊन कलायला लागलेलं असायचं. धाकटीच्या वाफ्यात तिला दिसायची ती पिळून ठेवलेल्या चिमुकल्या रुमालांसारखी फुलं. एखाददुसरं थोडंसं उघडं. टेबलावर यायची ती तर दाबून वाळवलेली, रंग उडालेली. तिने भिंग लावून पाहिलं, जे दिसलं ते लिहिलं. साहेबांनी मंजूर केलं.

कचेरीचा नियम असा होता की वर्णन आधी मंजूर व्हायचं आणि चित्र त्याला जुळवायचं. चित्रकाराने धाकटीचं चित्र टेबलावर ठेवलं तेव्हा आत्याने ते उचलून खिडकीपाशी नेलं आणि तिचं डोकं फिरलं. सहा पाकळ्यांचं, ताटलीसारखं सपाट उघडलेलं फूल आणि मधे पिवळा ठिपका. दुसऱ्या दिवशी तिने त्याला दारातच गाठलं.

“हे कुठल्या पुस्तकातून उतरवलंत?”

“पुस्तकातून कशाला? खालून आणलं. टाकीजवळचं.”

“टाकीजवळचं मी रोज बघते. हे असं उघडत नाही.”

“उघडतं हो. तुम्ही एकदा सकाळी या, दाखवतो.”

“मला सकाळी घर असतं.”

“घर मलाही आहे,” तो म्हणाला. “एकच दिवस या. घर कुठे पळून जात नाही.”

हे त्याने हसत म्हटलं, पण आत्याला लागलं. घरी आई उताणी पडून तिची वाट बघत असायची आणि हा माणूस, ज्याचा डबा बायको भरून देत होती, तो घर पळून जात नाही म्हणत होता. “वर्णन मंजूर झालंय,” ती म्हणाली, “चित्र जुळत नाही. बदलावं लागेल.” तो चित्र गुंडाळून घेऊन गेला.

काही दिवसांनी नवं चित्र आलं. पिळलेली, मिटलेली फुलं, एकेका घडीची सावली हुबेहूब. पुस्तकातल्या चांगल्या चित्रांपैकी एक. फक्त उजवा कोपरा कोरा होता. रुसलाय, आत्याच्या मनात आलं, आणि ती चुरा गोळा करून कामाला बसली.

पुस्तक छापलं गेलं. चित्रकार निवृत्त झाला, मागाहून आत्याही झाली. बागेत नव्या मॅडम आल्या. यंदा त्यांनी पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि आत्याला बोलावून घेतलं. “वर्णनं तुमचीच आहेत, तुम्हीच एकदा नजरेखालून घाला. पुस्तक छपाईला जायच्या आत हवं ते बदला. कधीही या, सकाळ-संध्याकाळ, तुमच्या सोयीने.” आत्या सोयीने दुपारी जायला लागली. दुसरं तिला सुचलंच नाही.

मग गेल्या आठवड्यात तिची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरने सकाळची वेळ दिली. ती गेली तर दवाखान्याला कुलूप. डॉक्टरच आजारी होता. हातात सकाळ होती आणि घरी दाढेसाठी सांगून ठेवलेला वेळ होता. बाग तिथून चालत जाण्यासारखी. ती आत शिरली.

लांबून टाकीजवळ तिला निळं काहीतरी दिसलं. कुणीतरी नवीन लागवड केलीय आणि आपल्याला कळवलंही नाही, असं वाटून ती जरा रागातच तिकडे वळली. जवळ गेल्यावर खाली वाकून पाटी वाचली. पाटी तिच्याच अक्षरात होती.

सगळा वाफा उघडा होता. एकूण एक फूल आकाशाकडे तोंड करून सपाट पसरलेलं, सहा पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला बारीक खाच आणि खाचेतून निघालेलं केसाएवढं टोक. मधे पिवळा ठिपका. तीन केसर एकमेकांना चिकटून उभे. मधमाश्या एकीवरून दुसरीवर जात होत्या, ओळखीच्या घरी गेल्यासारख्या. आत्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. दाढ दुखत होती की नाही हे तिला नंतर आठवेना.

ती बसूनच राहिली. ऊन डोक्यावर आलं तशा पाकळ्या कडेने आत वळल्या, मग मुडपल्या, मग हळूहळू पिळल्या गेल्या, आणि तिच्या ओळखीची फुलं तिच्यासमोर तयार झाली. जे ती उमलणं समजत होती ते मिटणं होतं. रोज येऊन तिने त्या झाडाचा शेवट पाहिला होता आणि त्याला स्वभाव म्हणून लिहून ठेवलं होतं. ते छापलं गेलं, ग्रंथालयांत गेलं, आणि कुणी बोट ठेवलं नाही, कारण थोरलीचं पान उघडणारे लोक असतात, धाकटीचं कोण उघडतो.

घरी पोचल्यावर वहिनी म्हणाली, “दाढेला एवढा वेळ? काढली का?”

“नाही.”

“मग इतका वेळ करत काय होतात?”

“बघत होते,” आत्या म्हणाली. वहिनीला वाटलं डॉक्टर बघत होता.

दोन रात्री तिला नीट झोप लागली नाही. मग तिने चित्रकाराचा पत्ता शोधून काढला. तो लेकाकडे राहत होता, तिसऱ्या मजल्यावर. सुनेने दार उघडलं, “बाबांची नजर गेलीय, जवळ बसा म्हणजे आकार कळेल,” असं सांगून ती आत गेली. खोलीत एक पलंग, एक रेडिओ, खिडकीत वाळत घातलेले लहान मुलाचे मोजे. पेन्सिल कुठेही नव्हती.

“कोण?”

“मी. दुपारच्या बाई.”

“अरे वा,” तो म्हणाला. “या वेळी कशा? सकाळ आहे ना आत्ता?”

“संध्याकाळ झालीय.”

“असं होय. मला आता दोन्ही सारख्याच.” तो हसला. चहा आला तेव्हा त्याने कपाच्या कडेतून बोट आत घालून चहा कुठवर आहे ते पाहिलं. आत्याने सगळं सांगितलं. वर्णन, चित्र, दारातलं भांडण, दाढ, वाफा. तो मान हलवत ऐकत होता.

“कुठलं फूल म्हणालात?”

“धाकटी. टाकीजवळची.”

“टाकीजवळ शेवाळी होती एक, रानभाजीची. ती मला आठवते.” तो थोडा वेळ शोधत राहिला. “नाही हो. ही नाही आठवत.”

“तुम्ही त्या चित्रावर सही केली नाहीत.”

“नाही केली? राहून गेली असेल.”

“राहून नाही गेली. बाकी सगळ्यांवर आहे.”

“मग नसेल केली,” तो समजुतीने म्हणाला. एखाद्या पोराचा हट्ट मोडू नये तसं.

“तुम्ही मला म्हणाला होतात, एकदा सकाळी या.”

“ते मी सगळ्यांनाच म्हणायचो बाई. सकाळचा उजेड चांगला असतो.”

आत्याने हातातला कप बशीत ठेवला. दोन दिवस ती ज्या माणसाची माफी मागायला शब्द जुळवत होती, त्याच्याकडे माफ करायला काही शिल्लक नव्हतं. रागावला असता, टोमणा मारला असता, तरी काहीतरी परत केल्यासारखं झालं असतं. आता ते सगळं तिचं एकटीचं होतं, आणि ठेवायला जागा नव्हती.

तोच म्हणाला, “मग? कसं आहे फूल? सांगा तर.”

“लहान, जांभळट निळं, परीघ साधारण...”

“तसं नको. ते मी पुष्कळ वाचलंय तुमचं. नुसतं सांगा. पहिलं कुठलं उघडतं? सगळी एकदम का पुढे-मागे? काल मिटलेलं आज परत उघडतं, का दुसरंच येतं? ढग असले तर काय करतात?”

तिने ते एकदाच पाहिलं होतं, तेही पोचली तेव्हा आधीच उमललेलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“मग बघा की. बहर आहे तोवर बघा आणि मला येऊन सांगा. माझे कान शाबूत आहेत.”

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना विचारलं. धाकटीचा बहर फार तर या महिनाअखेरपर्यंत, त्या म्हणाल्या, आणि महिना संपला की पुस्तक छपाईला. वाचून लिहा हवं तर, दुसऱ्या पुस्तकांतून. आत्या म्हणाली, वाचून नको. इतक्या वर्षांत त्या कचेरीत कुणी तिला कशालाही नको म्हणताना ऐकलं नव्हतं.

आणि आज संध्याकाळी मनी माहेरी आली ती ठमीचे कपडे, ठमीची वाटी आणि ठमीचं पांघरूण पिशवीत भरूनच. नोकरी लागल्याचं सांगून झालं, पिशवी आत्याच्या खोलीत ठेवून झाली. त्यानंतर आत्या म्हणाली होती की सकाळी तिला जमणार नाही.

“पूर्ण दोन वर्षं मी घरी काढलीत, आत्या,” मनी आता म्हणत होती. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. “आणखी थांबले तर मला कोणी उभं करणार नाही. तुला माहितेय. तूच म्हणायचीस, नोकरी सोडू नकोस.”

“अजूनही म्हणते.”

“मग? मला वाटलं तुला आवडेल. ही तुझ्याशिवाय कुणाकडे राहत नाही.”

“आवडतं,” आत्या म्हणाली. ठमीने बटणाचा नाद सोडून तिच्या हनुवटीला तोंड लावलं होतं. सगळी हनुवटी ओली झाली होती, आणि आत्याने ती पुसली नाही.

“आवडतं आणि जमत नाही,” वहिनी म्हणाली. “आम्ही बरं सगळं जमवलं. मी काय फुलं बघत होते का सकाळी? अंधारात उठून बसच्या रांगेत उभी असायचे. पोर रडत असायची आणि मी चपला शोधत असायचे. माझी पोर उठून पहिलं कुणाला बघायची? तुम्हाला. ते मी कुणाला सांगायचं?”

हे वहिनी याआधी कधी बोलली नव्हती. कांद्याच्या ताटात तिची सुरी पडून होती. आत्याला वाटलं, हिच्या सकाळी गेल्या ते खरं आहे. आपल्या गेल्या हेही खरं आहे. इतकी वर्षं एका ओट्यापाशी उभ्या राहून दोघींनी एकमेकींना हे कधी विचारलं नाही.

“तुम्ही म्हणता ते खरंय, वहिनी.”

वहिनी भांडायला तयार होती, ती या उत्तराने अडली. “मग झालं तर.”

“दादा असतो सकाळी घरी,” आत्या म्हणाली.

चष्म्याचा स्क्रू टेबलावरून घरंगळला आणि खाली पडला.

दादा निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. सकाळी तो पेपर वाचायचा, नंतर पेपरातलं कोडं सोडवायचा, नंतर कोडं चुकलंय असं सगळ्यांना सांगायचा. तो घरी असतो ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. आता तिघी त्याच्याकडे अशा बघत होत्या, जणू कपाटाच्या मागे एक खोली निघाली होती.

“यांना काय जमणार,” वहिनी म्हणाली. “यांना दूध गरम करता येत नाही.”

“येतं,” दादा दुखावून म्हणाला. मग आपण काय कबूल केलं हे त्याच्या लक्षात आलं आणि तो स्क्रू शोधायला टेबलाखाली वाकला.

“बाबा, तुम्हाला तिचा लंगोटसुद्धा बांधता येत नाही,” मनी म्हणाली, आणि रडू येत असताना हसली. “आत्या, हे किती दिवसांचं आहे? तेवढं तरी सांग. फुलं कधी संपतात?”

“महिनाअखेरीला.”

“एवढंच ना?” वहिनीचा चेहरा लगेच सुटला. तिने सुरी उचलली. “मग तेवढे दिवस कसंतरी काढू. शेजारच्या काकूंना विचारू, यांनाही बसवू. तूर्त आत्यांना जाऊ दे, मनी. पुढच्या महिन्यापासून त्या आहेतच.”

टेबलाखालून दादा म्हणाला, “हे बरोबर आहे. तूर्त असं करू.”

प्रश्न मिटला होता. मनीने घड्या पुन्हा हातात घेतल्या, वहिनीने कांदा चिरायला सुरुवात केली. आत्याला हवं होतं ते मिळालं होतं. धाकटी उघडताना बघायला मिळणार होती, चित्रकाराच्या प्रश्नांची उत्तरं मिळणार होती, पुस्तकात ‘आढळत नाहीत’ हे खोडलं जाणार होतं. उठून खोलीत जाण्याएवढंच राहिलं होतं. ती उठली. ठमीला तिने मनीच्या मांडीवर दिलं, ठमीने तिचा पदर धरून ठेवला, एकेक बोट करून तो सोडवावा लागला.

मग ती खोलीत गेली आणि ठमीची पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी तिने दादाच्या खुर्चीला अडकवली.

“उद्यापासून सकाळी मी घरी नसेन,” ती म्हणाली. “दुपारी असेन. ठमीचं दुपारचं सगळं मी करीन.”

“हो, तेच ठरलं ना,” वहिनी म्हणाली. “फुलं संपेपर्यंत.”

“फुलं संपल्यावरही नसेन.”